दुपारभर पुरणाऱ्या बाटलीविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. उन्हाळा सुरू झाल्यापासून तू चहा सोडलास आणि त्याऐवजी लिंबाच्या सरबताची बाटली टेबलावर ठेवून दिवसभर घोट घोट घेतोस, हे तू मोठ्या समाधानाने लिहिले आहेस. पण पत्राच्या शेवटी, थंड पाणी पिताना उजवीकडच्या खालच्या दाढेतून सणक जाते, असेही एका ओळीत लिहून गेला आहेस. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तुझ्या मनात आलेले दिसत नाही. मला मात्र ती ओळ वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात माझेही असेच झाले होते. दात शिवशिवू लागले म्हणून दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा दिवसाला साखर किती खाता असे ते विचारतील आणि मी अभिमानाने ‘फारशी नाही’ म्हणेन, अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारले, “हातातली ही बाटली संपायला किती वेळ लागतो?” मी म्हणालो, दुपारभर पुरते. मग त्यांनी मला जे समजावले, ते तेव्हापासून मी विसरलेलो नाही.

दातावरचे एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचे असते आणि शरीरात त्याहून कठीण असे काही नाही. तरीही दातालगतचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. आपण गोड खाल्ले की दातांवरच्या थरात राहणारे जंतू काही मिनिटांतच त्या साखरेचे आम्ल करतात, आणि लाळेला ते आम्ल शमवून तोंड पूर्वस्थितीला आणायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतरच लाळेतली खनिजे दातात परत मुरू शकतात. म्हणजे सरबताचा एक पेला जेवणाबरोबर पाच मिनिटांत संपवला, तर दातांना एकदाच त्रास होतो आणि पुढे सावरायला वेळ मिळतो; तोच पेला तीन तास पुरवला, तर प्रत्येक घोटाबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि लाळेचे काम कधी पुरेच होत नाही. साखर तेवढीच पोटात जाते, नुकसान मात्र कितीतरी वाढते.

त्यातून लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ इतका उतरलेला असतो, म्हणजे तेथे आम्ल तयार करायला जंतूंचीही गरज उरत नाही. साखर वगळलेल्या कोलाची गोष्ट हीच आहे, कारण साखर गेली तरी त्यातील आम्ल जात नाही. आंबट खाल्ल्यावर आपण ‘दात आंबले’ म्हणतो; रोज दिवसभर ते आंबत राहिले, तर झिजलेले एनॅमल शरीराला नव्याने घडवता येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात.

उन्हाळ्यात हे अधिक जाणवते, त्याला कारण आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाले की तीही कमी होते. तोंड कोरडे पडते, आणि ते ओले करायला आपण नेमके आंबटगोड पेय उचलतो. म्हणून तहानेसाठी साधे पाणी, एवढे एक माझे ऐक. बाकी सर्व त्यानंतरचे.

फळांना मी मुळीच नको म्हणत नाही. कलिंगडात सुमारे ९२ टक्के आणि काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, आणि चावून खाल्ल्याने लाळ सुटते. काकडी किंवा गाजर खाल्ल्याने दात घासल्यासारखे स्वच्छ होतात, हा समज मात्र खरा नाही. फळांचा रस काढला की चावणे संपते आणि साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी ठेवायला सांगितले, तेव्हा फळांचा रस आणि मध त्यात धरले, अख्खे फळ धरले नाही.

लिंबाशीही माझे वैर नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग) झालेल्या खलाशांना संत्री आणि लिंबे दिली, तेव्हा इतर उपाय केलेल्यांपेक्षा तेच लवकर बरे झाले. हिरड्यांना क जीवनसत्त्व लागतेच. तू लिंबू जेवणात पिळून खा, दिवसभर चघळू नकोस.

बिनसाखरेचे दही चवीला आंबट असले तरी त्यात कॅल्शियम भरपूर असल्याने ते एनॅमल झिजवत नाही. जेवणाच्या शेवटी चीजचा लहान तुकडा खाल्ला तर लाळ वाढते आणि आम्ल लवकर शमते. मला स्वतःला ही सवय फार आवडली. बर्फ मात्र दातांनी फोडू नकोस, कारण एनॅमल कठीण असले तरी ठिसूळ असते आणि त्याला चीर जाते. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रशही करू नकोस. पाण्याने चूळ भर आणि निदान अर्धा तास थांब, म्हणजे मऊ पडलेला थर घासला जाणार नाही.

तुझ्या मुलीची आइस कँडी बंद करू नकोस. ती जेवणानंतर एका बैठकीत खाऊ दे आणि वर पाणी पिऊ दे. झोपेत लाळ फार कमी होते, त्यामुळे रात्री दात घासल्यावर मात्र तिला पाण्याखेरीज काही देऊ नकोस.

तुझी ती दाढ या आठवड्यातच दाखवून ये आणि हिरडीलगतचा भाग नीट पाहायला सांग. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल, तर तेथे एनॅमल नसते आणि तो भाग ५.५ च्या वरच विरघळू लागतो. टेबलावरची बाटली तशीच राहू दे, फक्त तीत साधे पाणी भर, आणि चव हवीच असेल तर पुदिन्याची दोन पाने नाहीतर काकडीच्या चकत्या टाक. डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव; तुझ्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

तुझा,
माधव