‘तोल जाऊन पडला’ इतकेच छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बांधकामावरच्या मृत्यूची बातमी आपल्याकडे चार ओळींत संपते. अमुक मजल्यावरून तोल जाऊन कामगार पडला, सीपीआर रुग्णालयात नेले, उपचारापूर्वीच मृत्यू झाला, अकस्मात मृत्यूची नोंद. यातले ‘तोल जाऊन’ हे शब्द पंचनाम्यातून बातमीत येतात आणि पुढे पैशाच्या बोलणीत ठेकेदाराच्या तोंडी ‘त्याचीच चूक होती’ होऊन बाहेर पडतात. तोल माणसाचा रोजच जातो. कठडा असला तर हाताला काहीतरी लागते, नसला तर बातमी होते.

परांचीवर, म्हणजे कामासाठी उभारलेल्या पाईप-फळ्यांच्या मचाणावर, कठडा म्हणजे काय, हे प्रत्येक मुकादमाला ठाऊक असते. फळीपासून किमान ९० सेंमीवर एक आडवी पाईप, गुडघ्याच्या उंचीला दुसरी, आणि फळीच्या कडेला उभी पट्टी, म्हणजे वीट किंवा हातोडा खालच्याच्या डोक्यावर जात नाही. पाईप तीच, क्लॅम्प तेच. तरी कठडा लागत नाही, कारण गिलाव्याचे घमेले वर घेताना तो आडवा येतो आणि एकदा काढलेली पाईप परत लावणे हे कुणाचेच काम नसते. फळ्यांचेही तसेच. दोन आधारांच्या पुढे लांब निघालेले, न बांधलेले फळीचे तोंड हा सापळा असतो. त्यावर पाय पडला की मागचे टोक उचलते. परांची इमारतीला जागोजागी बांधलेली नसेल आणि पाईपचे पाय बेसप्लेटशिवाय, म्हणजे खाली लोखंडी पट्टा न घेता, मातीवर टेकलेले असतील, तर पहिल्या वळवाच्या पावसात एक बाजू खचते.

यावर ‘बेल्ट दिलाय की’, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, हे उत्तर तयार असते. बेल्टचा हिशेब मात्र कुणी करत नाही. दोर सुमारे १.८ मीटरचा, धक्का सोसणारी पट्टी उघडली की आणखी साधारण तितकाच, वर माणसाची उंची आणि थोडे अंतर राखून. हुक पायाशी अडकवला असेल तर खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या तीन मीटर उंचीवर तो बेल्ट ताणला जाण्याआधी माणूस जमिनीवर पोचलेला असतो. शिवाय बहुतेक ठिकाणी हुक, माणूस ज्या परांचीवर उभा आहे, तिच्याच पाईपला असतो. परांची कलंडली की बेल्ट त्याला सोबत घेऊन जातो. हुक कमरेच्या वर, इमारतीच्या कॉलमला बांधलेल्या दोराला हवा. कमी उंचीवर बेल्टचा नाद सोडून कठडाच लावावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

लिफ्टचा खड्डा आणि डक्ट (पाईपांसाठी मजल्यांतून सोडलेली उभी पोकळी) यांत पडण्याचे कारण फारच क्षुल्लक असते. तोंडावर प्लायचा तुकडा नुसता ठेवलेला असतो. कुणीतरी तो सेंट्रिंगसाठी, म्हणजे स्लॅबच्या साच्यासाठी, लागतो म्हणून दोन्ही हातांनी समोर धरून उचलतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायखाली चार बाजूंना पट्ट्या ठोकून तो सरकणार नाही असा बसवावा आणि वर रंगाने ‘खाली खड्डा’ लिहावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

स्लॅब कोसळण्याचे कारण बहुतेकदा टेकूंत असते. काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच हजार किलो भरते. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जाते. पण पंपाच्या पाईपखाली दोन फुटांचा ढीग झाला की तेवढ्याच जागेवर दीड हजार किलो येतात. खाली टेकू विटांच्या थरावर उभे आणि त्यांना आडवे-तिरपे बांधलेले नसेल, तर एक टेकू सरकतो आणि शेजारचे ओळीने जातात. त्यात मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत स्लॅब उरकण्याची घाई. काढतानाही तीच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस ठेवायचे असतात. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, सिमेंट ताकद हळू धरते, म्हणून त्याला आणखी थांबावे लागते. आज बाजारात बहुतेक पीपीसीच मिळते, आणि सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साईटवर न्यायच्या असतात.

कोल्हापूरच्या काळ्या मातीबद्दल वेगळे सांगायला हवे. उन्हाळ्यात ती भिंतीसारखी उभी राहते आणि त्यामुळेच फसवते. भेगांत पाणी शिरले की अख्खा ढेकळाचा कडा एकदम सुटतो. दीड मीटरपेक्षा खोल चर एकतर उतरता खणावा, नाहीतर बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू द्यावेत. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांतले जे जास्त असेल तितकी लांब टाकावी. चरात शिडी असावी आणि ती काठाच्या वर ९० सेंमी यावी. राजारामपुरीच्या गल्ल्यांत माती टाकायला जागा नसते हे खरे, पण मग ती ट्रॉलीत भरून हलवावी. काठावर रचू नये. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके बाहेर असले तरी त्याला श्वास घेता येत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी मातीच्या भिंतींची घरे उतरवताना आधी तुळया काढतात. भिंतीला धरून ठेवणाऱ्या त्याच असतात, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

आता भरपाई. १९२३ चा भरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेबाचे सूत्र तेच राहिले. आणि त्या सूत्रात ‘चूक कुणाची’ हा रकाना जवळपास नाहीच. कामावर, कामामुळे अपघात झाला एवढे पुरते. दारू प्यायला होता, मुद्दाम हेल्मेट काढले होते, या सबबी किरकोळ आणि अंशतः अपंगत्वाच्या दुखापतीतच चालतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाहीत.

मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला गुणक. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. तीस वर्षांच्या गवंड्याचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. पूर्ण अपंगत्वाला निम्म्याऐवजी ६० टक्के, म्हणजे १८,७१,८२०. अंगठा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के आहे, त्याचे ५,६१,५४६. पण परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली शंभर टक्के अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. फरशीवाल्याच्या गुडघ्याला आणि बिगाऱ्याच्या मणक्याला हाच न्याय लावून मागणी करावी.

पाय मोडून तीन महिने घरी बसलेल्याला तर आपल्याला काही मिळते हेच माहीत नसते. त्याला दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपयांपर्यंत, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. प्रत्यक्षात ठेकेदार प्लास्टरचे बिल भरतो आणि त्याउपर दिलेली रक्कम ‘उचल’ म्हणून वहीत मांडतो.

रक्कम कापली जाते ती कागदांत. हजेरी वहीत मजुरी ९,००० लिहिली की वरचे पंधरा लाख ९,३५,९१० वर येतात. वयाचेही तसेच. पस्तीसचा गुणक १९७.०६ आणि पंचेचाळीसचा १६९.४४; फरक २,०७,१५० रुपयांचा. आधारवर अंदाजाने १ जानेवारी अशी जन्मतारीख पडलेले कामगार पुष्कळ आहेत. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तोच लावावा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. मजुरी खात्यावर किंवा फोनवरून येत असेल तर तो तपशील वहीपेक्षा भारी ठरतो. रुग्णालयात दाखल करताना ‘घरी पडला’ असे सांगायला लावतात, ते अजिबात सांगू नये. साईटचे नाव आणि कामावर असताना पडल्याची नोंद पहिल्याच केसपेपरवर हवी.

‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांनी, आणि हे ठेकेदारांसाठीही आहे, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मृत्यूची भरपाई भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. पत्नीच्या हातात रोख दिलेले दोन लाख भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची आगाऊ रक्कम तेवढा अपवाद. शंभराच्या स्टॅम्पवर ‘यापुढे काही मागणार नाही’ लिहून घेतले तरी ते कायद्याला मान्य नाही. महिन्याच्या आत रक्कम जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, म्हणजे वरच्या उदाहरणात वर्षाला १,८७,१८२ रुपये, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. विमा असला तर कंपनी भरपाई आणि व्याज देते. दंड ठेकेदाराच्याच खिशातून जातो. पॉलिसीत पाच माणसे दाखवून साईटवर पंचवीस उभी केली की कंपनी तिथेच बोट ठेवते.

‘माणूस लेबर काँट्रॅक्टरचा, माझा नाही’ असे बिल्डरलाही म्हणता येत नाही. मागणी मूळ मालकावर करता येते. त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावे. मागणीची मुदत अपघातापासून दोन वर्षे. प्राधिकाऱ्याच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात होते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. कुटुंबाला दमवायला मुंबईच्या खेपा दाखवण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

आणखी एक घोळ मंडळाच्या पैशांचा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळ नोंदीत कामगाराच्या कामावरील मृत्यूला पाच लाख देते. ही मदत भरपाईच्या वरची आहे. ‘तुला मंडळाचे मिळतायत की’ म्हणून ठेकेदाराने आपले पैसे वळते करू नयेत. मात्र त्यासाठी नोंदणी जिवंत हवी: वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणि दरवर्षी नूतनीकरण. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी रांग लागते आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण राहून जाते, हे आपण पाहतोच. सुरक्षा संचातले हेल्मेट घरी खुंटीला असते ते वेगळेच.

आमची आपल्याला विनंती एवढीच. पुढची अशी बातमी घेताना वार्ताहराने पोलिसांना तीन गोष्टी विचाराव्यात: तिथे कठडा होता का, काम मूळ कुणाचे होते, आणि पंचनाम्यात हजेरी वही ताब्यात घेतली का. महिन्याने आणखी एक फोन करावा, रक्कम जमा झाली का म्हणून, आणि उत्तर काय आले ते त्याच पानावर छापावे.

आपले,
बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते व मुकादम,
कोल्हापूर