उपवासकाळ वसाहतीत यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, जवळ आला की आम्हा कॅथलिकांच्या घरोघरी एकच विषय असतो, यंदा काय सोडायचं. कुणी चहा सोडतं, कुणी दारू, कुणी गोडधोड. हल्लीची मुलं रील्स बघणं सोडतात. सोडणं चांगलंच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण जो तो आपापल्या घरात आपापलं सोडत बसतो आणि धर्मग्राम, म्हणजे एका चर्चची सगळी मंडळी, म्हणून आपण सगळ्यांनी मिळून काय करायचं, ते ठरतच नाही. नवी मुंबईत तर याची फार निकड आहे.

वसईत चर्च गावात असतं, माणसं चालत येतात. इथं सिडकोच्या सेक्टरांमध्ये वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळी आणि नगर-श्रीरामपूरकडून पोटापाण्यासाठी आलेले आम्ही, असे सगळे विखुरलेले. एकाच इमारतीत दोन कॅथलिक घरं असतात आणि त्यांची ओळख नसते. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा स्थानांपुढे थांबत करायची प्रार्थना, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चमध्ये. त्या वेळी आमची निम्मी माणसं कुर्ला आणि मानखुर्दच्या मध्ये गाडीत उभी असतात. घरकाम करणाऱ्या बायका तिसऱ्या घरच्या पोळ्या लाटत असतात. यांची श्रद्धा कमी आहे असं कुणी म्हणू नये. हीच माणसं सप्टेंबरात नगरकडच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पदरमोड करून जातात.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, क्रुसाची वाट वसाहतीत आणावी, तीही रात्री नऊला आणि मराठीत. तिला धर्मगुरू हजर असलेच पाहिजेत असं नाही. प्रापंचिकांनाही ती चालवता येते. आमच्या सोसायटीत आम्ही हे करून पाहिलं. पार्किंगच्या खांबांवर चौदा स्थानांची छापील चित्रं चिकटपट्टीनं लावली, गाड्यांच्या मधून वाट काढत एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेलो. आठव्या स्थानाला, जिथं येशू यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांशी बोलतो, तिथलं वाचन दिवसभर चार घरची कामं करून आलेल्या एका मावशींनी केलं. अक्षर लावत, सावकाश वाचलं त्यांनी. चर्चमध्ये त्यांना कधी कुणी वाचायला बोलावलं नव्हतं. हिंदू शेजारीही जिन्यात थांबून ऐकत होते. नंतर कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे कित्येक महिने मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेल्याच नव्हत्या. आता त्यांना दर रविवारी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घरी मिळतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. नियमाप्रमाणे पुरता उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तोही 18 ते 59 वयाच्या माणसांना. शुक्रवारी मांस वर्ज्य. मग शुक्रवारी आपल्याकडे काय होतं? मटणाऐवजी पापलेट नाहीतर सुरमई येते, जी मटणापेक्षा स्वस्त नाही. नियम पाळला जातो, पण भुकेल्याच्या ताटात काही पडत नाही. 1966 साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम सौम्य केले, तेव्हा प्रार्थना आणि दयेची कामं यांच्यावरच भर दिला होता. यशया संदेष्ट्याच्या 58व्या अध्यायात तर देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, असं सरळच म्हटलं आहे.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोगाचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक लांबलांबहून तिथं येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि जवळचे पैसे संपत जातात. शुक्रवारी प्रत्येक वसाहतीनं साधी डाळ-भाजी खावी आणि वाचलेल्या पैशांत या नातेवाइकांसाठी डबे करावेत. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकणंही दानच आहे, पण डबा हातात देताना समोरच्याचं गाव विचारलं जातं, दुखणं ऐकलं जातं. मला त्याचं मोल जास्त वाटतं. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारूनच हे करावं, नाहीतर मदतीपेक्षा गोंधळ जास्त.

दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. ज्या घरात परीक्षा आहे त्या घरच्या आईबापांवर तीन-तीन संध्याकाळच्या साधनेचा भार नको. उलट मुलांना अभ्यासाला शांत जागा म्हणून चर्चचा हॉल संध्याकाळी उघडा ठेवावा, कोणत्याही धर्माच्या मुलांसाठी.

धर्मगुरूंना आणि धर्मग्राम परिषदांना विनंती की, राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांत प्रत्येक सेक्टरचं ठिकाण आणि वेळ मराठीतही जाहीर करावी. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना शुक्रवार जमत नसेल, तर त्यांच्यासाठी रविवारी सकाळी ठेवावी. क्रुसाची वाट कुठल्याही वारी करता येते.

आपला नम्र,
एक धर्मग्रामवासी, नेरुळ, नवी मुंबई