जिनोआहून सुहासला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जहाजावर माल चढतोय, तेवढ्यात जिनोआ पायी पालथं घातलं. तू आधी कोलंबसाचं विचारणार, म्हणून त्याला आधी उरकतो. त्याचं म्हणून जे घर दाखवतात ते अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं. मोहीम स्पेनची, थडगंही स्पेनमध्येच. या गावाच्या माणसांनी नाव काढलं ते बहुतेक गाव सोडूनच!

पागानिनीचंच बघ. १७८२ चा इथला जन्म. व्हायोलिन असं वाजवायचा, की लोक म्हणत, याने सैतानाशी सौदा केलाय. १८४० मध्ये फ्रान्सकडच्या नीसला वारला. अंतकाळी पाद्री आला, तर ‘इतक्यात काही मी मरत नाही’ म्हणून याने त्याला माघारी धाडलं. मग बिशपनेही दफनाला परवानगी नाकारली. मढ्याची वर्षानुवर्षं फरफट झाली आणि अखेर १८७६ मध्ये पार्माच्या दफनभूमीत जागा मिळाली. व्हायोलिन मात्र मृत्युपत्रान्वये जिनोआला आलं. ग्वार्नेरीने १७४३ मध्ये घडवलेलं. आवाज दणदणीत, म्हणून पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणायचा. आता ते तुर्सी नावाच्या वाड्यात काचेआड असतं. पण पागानिनी स्पर्धा जिंकणाऱ्याला वाजवायला मिळतं. हे मला फार आवडलं. नुसतं पूजेला लावलं नाही.

आणि या तुर्सी वाड्याच्याच रस्त्यावर, १८२१ मध्ये, पंधरा वर्षांचा मॅझिनी, पुढे इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला क्रांतिकारक, आईबरोबर चालला होता. शेजारच्या पीडमाँट प्रांतातलं बंड फसलेलं, पळालेले बंडखोर परदेशी जायला बंदरावर गोळा झालेले. त्यांच्यातल्या एका उंच दाढीवाल्याने पांढरा रुमाल पुढे धरला : ‘इटलीच्या निर्वासितांसाठी.’ आईने पैसे टाकले; पोराच्या डोक्यातून तो माणूस गेला नाही तो नाहीच. पुढे मॅझिनी स्वतःच आयुष्यभर निर्वासित! १८७२ मध्ये पिसात मेला तोही ‘जॉर्ज ब्राऊन’ या खोट्या नावाने, आणि ज्या प्रजासत्ताक, एकसंध इटलीसाठी झिजला ती राजाच्या झेंड्याखाली एक झालेली बघून. त्याला तरी गावाने परत आणलं. स्टाल्येनोच्या दफनभूमीत आहे.

तुम्हा नाशिककरांना त्याचं नाव नवीन नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, १९०७ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाने, बाबारावांनी ते छापलं आणि सरकारने जप्त केलं. एवढं माहीत असून मी ते कधी वाचलेलं नाही. तुमच्या वाचनालयात प्रत असली तर माझ्यासाठी काढून ठेव. मुंबईला उतरलो की थेट तुझ्याकडेच येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद