प्रशिक्षकाने थोडं गप्प बसावं

महोदय,

नेतृत्व विकासाच्या शिबिरांत बहुतेक वेळ भाषणं आणि स्लाइड यांतच जातो. मंडळी माना डोलावतात, प्रमाणपत्र घेतात आणि सोमवारी कामावर पहिले पाढे पंचावन्न. १९४६ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या कार्यशाळेत निरीक्षक संध्याकाळी गटांच्या वागण्यावर आपसांत चर्चा करत. काही सहभागी तिथे येऊन बसले, स्वतःबद्दलची निरीक्षणं ऐकून वादही घालू लागले. खरं शिक्षण त्याच बैठकीत होतंय, हे तेव्हा लक्षात आलं.

म्हणून १०-१२ जणांचा गट करावा, वेळेचं बंधन असलेलं खरंखुरं काम द्यावं आणि निदान तेवढाच वेळ नंतरच्या चर्चेला ठेवावा. प्रश्नही नेमके हवेत. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘निर्णय नक्की कधी झाला? कोणाचं म्हणणं मध्येच तोडलं गेलं?’ असं विचारावं. त्यानंतर पसरणारी शांतता प्रशिक्षकाने लगेच भरून काढू नये. बहुतेकांना हेच जमत नाही. (बोलघेवडे प्रत्येक गटात असतातच. आधी दोन मिनिटं सगळ्यांनी लिहून काढायचं, एवढ्यानेही त्यांना आवर बसतो.) साहेब समोर असतील तर मात्र कोणी तोंड उघडणार नाही, त्यांचा गट वेगळा ठेवलेला बरा.

महिन्याभराने हाच गट पुन्हा भेटायला हवा. आयोजक नेमका तोच खर्च वाचवतात.

– एक प्रशिक्षक