आमच्या रेणूंना हेलियम हवा आहे: केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत रेणवीय चुंबक तयार होतात, म्हणजे एकेक रेणू हाच एक चुंबक. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध रेणू १२ मँगनीज अणूंचा. त्याला लागतं काय? मँगनीज ॲसिटेट, ॲसेटिक आम्ल आणि पूर्वी गावोगावी विहिरीत टाकत ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट. द्रावण ढवळून झाकून ठेवायचं. काही दिवसांनी तळाशी काळेभोर, चकाकणारे स्फटिक बसलेले दिसतात. एम.एस्सी.ची मुलं दर वर्षी ते करतात आणि दर वर्षी तितकीच हरखतात.

या रेणूचा एकूण स्पिन (इलेक्ट्रॉनांचा अंगचाच चुंबकीय गुण) १०. अतिथंड केल्यावर त्याची चुंबकीय दिशा महिनोन्महिने टिकते, हे फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं. १९९६ मध्ये दिसलं की ही दिशा ऊर्जेचा डोंगर न चढता, बोगद्यातून पलीकडे जावं तशी उलटते, आणि आलेखावर सारख्या अंतराने पायऱ्या उमटतात. पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलला टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूच्या एकाच रेणूतल्या अणुकेंद्राच्या चार स्पिन अवस्था वाचता आल्या, २०१४ मध्ये त्या विद्युतक्षेत्राने वळवता आल्या आणि २०१७ मध्ये त्यांच्यावर ग्रोव्हरचा शोध-अल्गोरिदम, म्हणजे क्वांटम संगणकाची शोध घेण्याची रीत, चालला. एका रेणूवर!

ही सगळी करामत द्रव हेलियमने मिळणाऱ्या अतिथंडीतली. २०१८ साली डिस्प्रोशियम या अशाच धातूच्या एका रेणूने ८० केल्विनपर्यंत (उणे १९३ अंश सेल्सियस) चुंबकीय स्मृती टिकवली, द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर. तेव्हा आता हेलियम कशाला, असं आपल्याला कुणी सांगेल. पण दिशा टिकणं वेगळं आणि क्वांटम अवस्था हवी तशी वळवणं वेगळं. ग्रेनोबलसारखा प्रयोग करायचा तर हेलियमला पर्याय नाही.

आणि तोच आमच्याकडे नाही. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी टर्बियमचे स्फटिक त्यांच्याच द्रावणात बुडवून, कुपी थर्मोकोलच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरी मोजणीला घेऊन गेली. तिथला हेलियम संपला होता. तीन आठवड्यांनी नंबर लागेपर्यंत द्रावक उडून गेला, पारदर्शक स्फटिक दुधाळ होऊन तडकले. सहा महिन्यांचं काम. ती काही बोलली नाही, कुपी उजेडात धरून पाहत राहिली.

१९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, याचा मनापासून आनंद आहे. पण त्याची चार केंद्रं बेंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत, आणि रेणू घडवणारे हात मात्र कुठल्या कुठल्या गावांत विखुरलेले. या केंद्रांनी बाहेरच्या नमुन्यांसाठी आठवड्याचा एक दिवस राखून ठेवावा. आणि यंत्राच्या अनुदानातच हेलियम परत गोळा करून द्रवरूप करण्याची सोय आणि ती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार धरावा. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात ज्या वायूची सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा आपल्याच गुंटूरहून दिसली, तो आपण आज आयात करतो; तो एकदा वापरून छपरावरच्या नळीतून हवेत सोडलेला पाहवत नाही.

ती मुलगी पुन्हा स्फटिक वाढवते आहे. दिवाळीनंतर ते तयार होतील. तेव्हा नंबर कुठे मिळेल, एवढं आपल्या खात्याकडून कळावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका