पोळ्याला येणं होत नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं, जेवली का?" म्हणते आणि बाबा तिच्या हातात फोन देऊन छपरीत निघून जातात. म्हणून लिहिते आहे. दादाकडून वाचून घेऊ नका. आई, तूच वाच, चष्मा लावून.

यंदा पोळ्याला येणं होत नाही. त्याच आठवड्यात गोरेगावच्या चित्रनगरीत दोन दिवसांचं राहिलेलं शूटिंग आहे, आणि मग लगेच एडिट लॉक करून द्यायचंय.

दुसरी गोष्ट कशी सांगावी कळत नाही. बाबा, तोरणाखाली बैलांपुढे झडतीचं गाणं म्हणता, तो तुमचा सीन माझ्या फिल्ममधून काढला. चॅनेलने काढला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. सुचवलं त्यांनी, काढला मी.

आधी ऐकून घ्या. टीव्हीवर दोन तासांची जागा मिळाली तरी तासाला १२ मिनिटं जाहिरातींची धरावी लागतात, म्हणजे हातात उरतात ९६. माझा पहिला कट ११२ मिनिटांचा होता. तो चॅनेलच्या लोकांनी पाहिला आणि २७ सूचनांची यादी पाठवली, प्रत्येकीपुढे मिनिट-सेकंद. अशा यादीला पहिल्या दिवशी उत्तर द्यायचं नसतं, हे मी ठेच लागून शिकले. "मिळालं, बघते" एवढंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी वाचलं की निम्म्या बरोबर वाटतात. काहींत तर दुखणं बरोबर ओळखलेलं असतं, औषध तेवढं चुकलेलं. "मध्ये कंटाळा येतो, गाणं टाका" असं होतं. गाणं कायले? पण कंटाळा खरंच येत होता. कापसाच्या जिनिंगवरच्या बैलबंड्यांच्या रांगा दोनदा आल्या होत्या. एक रांग काढली, मग गाण्याचं कोणी नाव काढलं नाही.

नववी सूचना मात्र अशी होती, की फिल्ममधल्या म्हाताऱ्याने शेवटी जीव द्यावा. विदर्भातला कास्तकार आहे, लोक तेच धरून बसतात म्हणे. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. मीटिंगमध्ये आरडाओरडा केला नाही, बाबा, तुमची शपथ. एवढंच म्हटलं की २०१७ ला बोंडअळीने पऱ्हाटी गेली, तेव्हा माझ्या बापाने ती उपटून हरभरा पेरला आणि संध्याकाळी ओट्यावर बसून भाकर खाल्ली. हा म्हातारा तो आहे. तो मरत नाही. दीड तास लागला. शेवटी त्यांची बाई म्हणाली, ठीक आहे, जिवंत ठेवा, पण बाकीच्यावर अडू नका.

मग बाकीचं दिलं. पोरासोरांच्या तोंडचं वऱ्हाडी थोडं सोपं केलं. आई, "मले काय होते, मी बरी हावो" हे तुझं वाक्य जसंच्या तसं आहे, त्याला कोणाला हात लावू दिला नाही. तंबाखू-सुपारीचा खर्राही काढला. तंबाखू दिसली की खाली धोक्याची पट्टी, आणि सुरुवातीला नि मध्ये सरकारी सूचना. एका पन्नीपायी एवढे सेकंद कोण घालवणार? (बाबा, हसू नका. तुमच्या पन्नीवर मी येतेच आहे.)

एकोणिसावी सूचना तुमच्या सीनवर होती. "काकांचे शब्द कळत नाहीत." हिचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. म्हटलं, यांच्या मुंबईच्या कानांना झडती काय कळणार! त्यांना खोटं पाडायचं म्हणून रात्री एडिटरला बसवून घेतलं, कानाला हेडफोन लावले आणि सीन सावकाश चालवून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. भाषेचा काही प्रश्न नव्हता. बाबा, तुमचं तोंड उघडत नाही.

तोरणाखाली तुम्ही झडती म्हणायचे तेव्हा मी तुमच्या खांद्यावर असायची. आवाज आधी माझ्या पायांना कळायचा, मग कानांना. पार मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. आता क्लोजअपमध्ये ओठ जेमतेम बोटभर उघडतात, शब्द आतच राहतात. आणि शूटिंगच्या दिवशी मी मॉनिटरसमोर बसून "छान बाबा, एकदम छान" म्हणत होते.

आई, हल्ली त्यांना भाकर दुधात कुस्करून देतेस ना? ठेचाही सोडलाय, झोंबतो म्हणून. मला वाटलं, वय झालं. वय नाही, हे खर्ऱ्याने झालंय.

घाबरू नका. बहुतेक औषधाने आणि तोंडाच्या व्यायामाने निभेल. पण दाखवायचं, आणि यात कोणाचं ऐकून घेणार नाही. पोळ्यानंतरच्या मंगळवारी सावंगीच्या दातांच्या दवाखान्यात जायचं आहे. माझं सेवाग्राम एक्स्प्रेसचं रिझर्वेशन झालंय, सकाळी वर्ध्याला उतरून मी थेट तिथे येते. तुम्ही कळंबहून सकाळची एसटी धरा. आई, तुझं अर्धं तिकीट आहे, पैशांचा हिशोब मांडत बसू नको. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि जुने कागद पिशवीत घे. आणि आज रात्री एक कर, त्यांना तीन बोटं एकावर एक उभी तोंडात घालायला सांग. जातात की नाही ते मला फोनवर खरं सांग.

गुडघे दुखतात तर निंदायला जाऊ नको. बाया लाव, मी पैसे पाठवते. छपरीवर ताडपत्री टाकली का, ते दादाला विचारते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला सर्जा बैलाला माझ्या वाटचं आवतण दे.

सीन मी टाकून दिलेला नाही. अख्खा चार मिनिटांचा पेनड्राइव्हवर घेऊन येते.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, खर्ऱ्याची पन्नी सदऱ्याच्या आतल्या खिशात असते. पोळ्याचा नवा सदरा शिवायला टाकला असेल, तर शिंप्याला म्हणावं, आतला खिसा लावू नको.