उस्ताद, २००९ च्या स्विफ्टबद्दल आभार

नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या उस्तादांना सप्रेम नमस्कार.

गाडी जुनी म्हटल्यावर 'अख्खं सस्पेन्शन करून घ्या' आणि 'बॅटरी नवीच टाका' हे दोन सल्ले पुण्यात फुकट मिळतात. तुम्ही दोन्ही दिले नाहीत, म्हणून हे पत्र.

पुढच्या खडखडीबद्दल तुम्ही पाना उचलायच्या आधी विचारलंत, आवाज सरळ स्पीडब्रेकरवर येतो की एकच चाक खड्ड्यात गेल्यावर? दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीला) पीळ बसत नाही, तिला चाकाकडच्या भागाशी जोडणारा लिंक रॉड गप्प राहतो. एकाच चाकाला धक्का बसला की त्याचा सैल बॉल खटखटतो. दोन्ही लिंक रॉड काढून गल्लीत हळू फेरी मारलीत, खटखट थांबली, निदान पक्कं. शॉकअपला तेलाचा ओघळ नव्हता, त्यामुळे ते वाचले. मग जॅकवर चाक वरखाली हलवताना उजवीकडे खेळ सापडला. ब्रेक दाबून धरल्यावरही तो तसाच राहिला, म्हणजे बेअरिंग नव्हे, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट.

खरे आभार मात्र बुशबद्दल, म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडतो तिथल्या रबराबद्दल. नवा आर्म चढवताना बुशचे बोल्ट नुसते अडकवलेत, गाडी चाकांवर उतरवलीत, पुढून दोन-चारदा दाबून बसू दिलीत आणि मगच पूर्ण आवळलेत. चाक लटकत असताना आवळलं तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग खापर बिचाऱ्या 'लोकल पार्ट'वर फुटतं. अलाइनमेंट केल्याशिवाय लांब जायचं नाही, ही तंबीही योग्यच होती.

बॅटरीचं तर गणितच मांडून दाखवलंत. निगेटिव्ह काढून मीटर मधे लावला, दार बंद आहे असं गाडीला वाटावं म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, अर्धा तास थांबलात. बंद गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत हवं तिथे ३५० दिसत होते, म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत जवळपास अर्धी होणारच. एकेक फ्यूज काढताना म्युझिक सिस्टीमच्या फ्यूजला आकडा एकदम खाली आला. कुणीतरी लाल आणि पिवळी दोन्ही वायर कायम सप्लायला जोडली होती. पिवळी मेमरीची, ती तिथेच हवी. लाल तुम्ही किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सप्लायवर नेलीत, सोल्डर करून स्लीव्ह चढवलीत. नुसत्या पिळलेल्या वायरीवर टेप गुंडाळणाऱ्यांना हे कोण सांगणार?

हेडलाइट मंद होते, तरी जास्त वॉटचे बल्ब टाकले नाहीत. होल्डर वितळतो, वायर तापते. सगळे दिवे लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत किती व्होल्ट वाया जातात ते मोजलंत: ०.७ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर नको. अर्थच्या (बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या) पट्टीखालचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलात, आवळून वर व्हॅसलीन लावलंत, आणि ६०/५५ वॉटचेच बल्ब पुरले.

मागचे शॉकअप पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणालात. बदलायचे ठरले तर जोडीच आणून ठेवा, एकटा टाकू नका.

आपला,
स्विफ्टवाला